बिनक्लचची गाडी आणि तिचे तेल

हल्ली खेडोपाडीही दारात चारचाकी उभी दिसते. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला असतो, तो नवी गाडी घेतो आणि जुनी आई-वडिलांच्या दारात आणून लावतो. या जुन्या गाड्यांत आता क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. चालवायला त्या सोप्या. उजवा पाय तेवढा काम करतो, डाव्याला सुट्टी. पण अशी गाडी बिघडली की गावचा मिस्त्री हात लावायला धजत नाही आणि शहरातला मिस्त्री नीट ऐकून घेण्याआधीच आकडा सांगतो. आमच्या घरी अशीच एक गाडी आहे. तिच्या गिअरबॉक्सने आम्हाला मागच्या उन्हाळ्यात चांगलेच नाचवले. त्यातून जे कळले ते आपल्या वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. मी यंत्रातली जाणकार नव्हे. पण शेतकऱ्याची लेक आहे, आणि विहिरीवरचे ऑइल इंजिन ऐकत लहानाची मोठी झाले आहे.

आमचे घर नवी मुंबईत कोपरखैरण्याला, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. आमच्या भागातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली आणि तिथल्या बाजारांत पाठीवर ओझी वाहू लागली. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केले, १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे त्यांच्या घामाला हिशेब आला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलले आणि त्यांच्यामागे माणसेही खाडी ओलांडून इकडे आली. आमचे हे कांदा-बटाटा बाजारात टोळीत होते. नाशिक-पुण्याकडून आलेला ट्रक रिकामा करायचा, गाळ्यात पोत्यांची थप्पी लावायची, पुन्हा दुसरा ट्रक. आपण शेतात भरून शिवलेले पोते शेवटी कुणाच्या तरी पाठीवरून बाजारात उतरते. तीस वर्षे ती पाठ यांची होती.

पाठ टिकली, पण गुडघे गेले. डाव्या गुडघ्यातली गादी झिजली. डॉक्टर म्हणाले, चालणे ठेवा, पण जिने आणि क्लच टाळा. आमच्याकडे सायन-पनवेल रस्त्याला संध्याकाळी गाड्यांची रांग लागली की मैलभर अंतरात शंभर वेळा क्लच दाबावा लागतो. एसटीच्या पायऱ्या तर त्यांना डोंगरासारख्या. आणि गावाला जाणे चुकत नाही, कारण सासूबाई तिथे आहेत. त्यांना महिन्यातून एकदा कराडला डॉक्टरांकडे न्यावे लागते. म्हणून काम सोडल्यावर मिळालेल्या पैशांतून यांनी २०१९ साली एक जुनी बिनक्लचची गाडी घेतली. गाडी २०११ ची. किंमत एक लाख पंच्याऐंशी हजार. त्या दिवसापासून हे पुन्हा कुणाची वाट न पाहता गावाला जाऊ-येऊ लागले.

दुखणे सुरू झाले

चैत्रात पहिले लक्षण दिसले. सकाळी गाडी सुरू करून दांडी 'डी'वर ओढली की गाडी लगेच पुढे सरकत नसे. मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजावे, मग धाडकन धक्का बसे आणि गाडी निघे. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जातानाही हिसका बसू लागला. वैशाखात गावाकडे निघालो तेव्हा बोरघाटात गाड्यांची रांग लागली होती. पाऊण तास चढावर थांबत-सरकत गेलो आणि मग गाडीने हात टेकले. इंजिन ओरडत होते, पण चाकाला जोर येत नव्हता. चिखलात नुसताच फिरणारा ट्रॅक्टर आठवा, तसेच. कशीबशी कडेला घेतली, तासभर निवू दिली, तेव्हा ती पुढे चालली.

परत आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने गाडी एक चक्कर चालवून आणली आणि सांगितले, "गिअरबॉक्स गेला. नव्वद हजार लागतील. त्यापेक्षा गाडी काढून टाका." बाजारात त्या गाडीला तेव्हा लाख-सव्वालाखाच्या वर कुणी देत नव्हते.

त्या रात्री घरात जेवण कुणाला गोड लागले नाही. मुलगा म्हणाला, विकून टाकू, लागेल तेव्हा भाड्याची गाडी मागवू. गावाकडून दिरांचा निरोप आलेला होता की विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाइप टाकायचा आहे, साठ हजारांची सोय होईल का. नव्वद हजार गाडीत घातले तर पाइप राहिला, आणि गाडी विकली तर यांचे पाय बांधल्यासारखे. हे बराच वेळ गप्प होते. मग एवढेच बोलले, "आयुष्यभर मी दुसऱ्याचं ओझं वाहिलं. आता मला कुणी वाहावं, असं करू नका."

मला मात्र माझ्या वडिलांची आठवण झाली. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारण्याआधी ते तेलाची पट्टी काढून बघत. पोराने न बघता हँडल धरले तर ओरडत. मी यांना विचारले, "अहो, त्या मुलाने गिअरबॉक्सचं तेल बघितलं का?" हे म्हणाले, "त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही." मग मी म्हटले, ज्याने नाडी बघितली नाही त्याचे औषध कशाला घ्यायचे? दुसरा वैद्य गाठू.

मिस्त्रींनी काय सांगितले

तुर्भ्याच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत, मूळचे कोकणातले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी यांना बसायला स्टूल दिले आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. धक्का सकाळी बसतो की दुपारी, गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, मागे घेतानाही तसेच होते का, गाडीखाली डाग पडतो का, असे एकेक विचारले. मग मला म्हणाले, "ताई, साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामधे क्लचप्लेट असते. हिच्यात तिच्या जागी तेल आहे. तेल म्हणजेच हिचा क्लच."

त्यांनी दोन टेबलपंख्यांचा दाखला दिला. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर वाऱ्याने तोही फिरू लागतो. गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एक पाते फिरवते, तेलाचा लोट समोरच्या पात्यावर आदळतो आणि ते चाकांकडे जोर पाठवते. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ही युक्ती हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले, तेही जहाजासाठी. मोटारीत आपोआप बदलणारे गिअर मोठ्या प्रमाणावर आले ते अमेरिकेत, १९३९ साली बाजारात आलेल्या ओल्ड्समोबिल गाडीतून. दुसऱ्या महायुद्धात तेच गिअरबॉक्स तिथल्या हलक्या रणगाड्यांत बसवले गेले.

पुढचे कामही तेलच करते. गिअरबॉक्समध्ये बारीक बारीक वाटा कोरलेला एक ठोकळा असतो, त्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. आपण बागाईत पाणी देताना एक दारे मोडतो आणि दुसरे धरतो, तसेच तिथे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, तेलाची एक वाट बंद करून दुसरी उघडतात. तेल ज्या वाटेने जाईल त्या प्लेटा दाबल्या जातात आणि तो गिअर लागतो. ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्टही तेलाच्या दाबावरच नांगर उचलते. तेल कमी झाले की लिफ्ट थरथरते, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही तेल कमी झाले की दाब कमी, दाब कमी की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, आणि तापले की तेल जळते. एकातून एक दुखणे वाढत जाते.

हे तेल म्हणजे ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत घालतो ते जाड तेल नव्हे. पातळ असते आणि बहुधा लाल रंगाचे. चाचांनी एक नवल सांगितले. पूर्वी अमेरिकेत या तेलात एका जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत. १९७० च्या सुमारास तिथे त्या माशाच्या तेलावर बंदी आली आणि कारखान्यांना दुसरे मिश्रण शोधावे लागले. एवढे नाजूक हे तेलाचे गणित. म्हणून ज्या गाडीला जे तेल तिच्या पुस्तकात सांगितले आहे तेच घालायचे, शेजाऱ्याच्या डब्यात उरलेले नाही.

तपासणीचा क्रम

चाचांनी सपाट जागी गाडी उभी केली. आधी ती थोडी चालवून गरम केलेली होती. इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून, दांडी सगळ्या खुणांवरून फिरवून 'पी'वर आणली आणि मग तेलाची पट्टी काढली. आमच्या गाडीची हीच रीत आहे. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघायचे असते, तर काहींत पट्टीच नसते, म्हणून आपल्या गाडीचे पुस्तक बघावे. पट्टी पुसायला त्यांनी धागे न सुटणारे फडके घेतले. सुताचा एक धागा त्या बारीक वाटेत अडकला तरी नवे दुखणे होते.

तेलाचे दोन थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टाकले. लाल असेल तर तब्येत ठीक. तपकिरी असेल तर तेल म्हातारे झाले. काळे आणि करपल्याचा वास असेल तर प्लेटा जळत आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर पाणी शिरले आहे. हे पाणी फुटक्या रेडिएटरमधून येते किंवा गाडी पुरात बुडाली तर. अशी गाडी एक पाऊलही चालवू नये. आमचे तेल तपकिरी होते, किंचित करपट वास होता, आणि पट्टीच्या खालच्या खुणेला टेकतही नव्हते.

मग त्यांनी पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी बघितल्या. इंजिन ज्या रबरांवर बसवलेले असते ती फाटली तरी धक्का बसतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. बॅटरी अशक्त असली किंवा तिच्या तारांवर बुरशी असली तरी गिअरबॉक्सचा संगणक गोंधळतो. आमची रबरे आणि बॅटरी ठीक निघाली. मग एक हातात मावणारे यंत्र जोडून संगणकाने नोंदवलेले दोष वाचले. त्यात एका सोलेनॉइडची तक्रार होती. खाली वाकून पाहिले तर गिअरबॉक्सचे तेल निववण्यासाठी रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या जोडातून थेंब थेंब गळत होते. खाली लोखंडी पत्रा असल्यामुळे जमिनीवर डाग पडत नव्हता.

शेवटी तेल सोडून खालचे पात्र उघडले. त्यात एक चुंबक असतो. त्यावर राखाडी मऊ लगदा होता. चाचांनी तो बोटांवर चोळून दाखवला. "हा झिजेचा गाळ, वयाप्रमाणे येणारच. हाताला टोचणारे कण किंवा चकत्या मिळाल्या असत्या तर मीच तुम्हाला गाडी विका म्हटलं असतं."

हे म्हणाले, "चाचा, खरं सांगा, किती चालेल?" चाचा म्हणाले, "प्लेटा जुन्या आहेत, त्या मी नव्या करू शकत नाही. पण गळती थांबवतो, सोलेनॉइड बदलतो, तेल पालटतो. तुम्ही जपून चालवली तर दोन-तीन वर्षं काढेल. त्यापुढचं वचन मी देत नाही."

तेल पालटायचीही रीत आहे. खालचा नट उघडला की सगळे तेल निघत नाही. निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहते. म्हणून एकदा बदलायचे, आठवडाभर गाडी चालवायची, पुन्हा बदलायचे. असे तीनदा केले. यंत्राने जोर लावून धुण्याचा आग्रह काही लोक करतात. जुन्या, गाळ साठलेल्या गिअरबॉक्सला तो सोसेलच असे नाही, म्हणून चाचांनी तो टाळला. नळी, जाळी, पॅकिंग, सोलेनॉइड, तीन वेळचे तेल आणि मजुरी मिळून सतरा हजार चारशे रुपये झाले. आषाढात आम्ही गावाला जाऊन आलो. बोरघाट आणि खंबाटकी दोन्ही गाडी चढली. सकाळच्या गारठ्यात तिसरा गिअर पडताना अजून हलकासा हिसका जाणवतो. तो राहणार आहे, हे आम्ही मान्य केले आहे. दिरांना पाइपसाठी पैसे दिवाळीच्या आधी पाठवता आले.

लक्षात ठेवण्यासारखे

आपल्याकडे गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेण्याची पद्धत आहे. बिनक्लचच्या गाडीला ती मारक आहे. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा तेलपंपही बंद असतो, आणि चाके फिरली की आतले भाग कोरडे घासतात. अशी गाडी टेम्पोवर चढवून न्यावी, नाहीतर इंजिनाचा जोर ज्या चाकांना जातो ती उचलून न्यावी. धक्का मारून तर ती सुरूच होत नाही. म्हणून बॅटरी चांगली ठेवावी.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दांडी 'पी'वर किंवा मागच्या गिअरवर टाकू नये. उतारावर उभी करताना पाय ब्रेकवर ठेवून आधी हातब्रेक ओढावा, मग 'पी'. नाहीतर सगळ्या गाडीचा भार आतल्या एका छोट्या खिळीवर येतो. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, दांडी खालच्या गिअरवर घ्यावी, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. चढावर रांगेत थांबावे लागले तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी धरू नये, त्याने तेल तापते. ब्रेकने धरावी. बराच वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रलवर घ्यावी.

तेल जास्त भरणेही वाईट. जास्त झाले की घुसळून फेस येतो आणि फेसाला दाब नसतो. "या गिअरबॉक्सचं तेल कधी बदलावंच लागत नाही" असे कुणी सांगितले तरी जुन्या गाडीच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

बिनक्लचच्या सगळ्या गाड्या एकसारख्या नसतात, हेही समजून घ्यावे. २०१४ साली आपल्या देशात मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून स्वस्त गाड्यांत एएमटी नावाचा प्रकार वाढला. त्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लचप्लेट असते, फक्त क्लच दाबायचे काम यंत्र करते. तिथे धक्का बसला तर आधी क्लचप्लेट आणि ते दाबणारे यंत्र बघायचे. सीव्हीटी म्हणजे पट्ट्यावर चालणारा तिसरा प्रकार, त्याचे तेल आणखी वेगळे. म्हणून जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे. दुसरे म्हणजे, गाडी थंड असताना चालवून बघावी आणि अर्ध्या तासाने गरम झाल्यावर पुन्हा बघावी. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जावे. तिसरे, नोंदणीला पंधरा वर्षे कधी पुरी होतात ते बघावे. त्यानंतर आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, तेही पाच वर्षांपुरते, आणि पर्यावरण कर वेगळा. तो खर्च भावात धरावा.

आणि कुणी मोठा आकडा सांगितला तर घाबरून लगेच हो किंवा नाही म्हणू नये. तेल बघितले का, दोष वाचले का, खालचे पात्र उघडले का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. बाईमाणसाने विचारले तरी चालते. चाचांसारखा कसबी माणूस त्याचा राग धरत नाही, उलट कागदावर थेंब टाकून दाखवतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सकाळी पट्टी काढून बघतात. नातू शेजारी फडके धरून उभा असतो. रंग कोणता हे त्याने आधी सांगायचे, असा दोघांचा ठराव आहे.